खुटबावची सुपारी

सकाळीच माझ्या भिवानं अंगणात पोतं अंथरलं, मोटरसायकलचा कार्बोरेटर खोलला आन् एकेक भाग पेट्रोलनं धुऊन मांडला. आज खुटबावला त्याच्या दुसऱ्या लग्नाची सुपारी फुटायची होती, वाटंत गाडी बंद पडायला नको. पहिली बायको, आमची सुलन, नुसत्या पोरीच देती म्हणून त्याला नकोशी झालेली. तीच खाली मान घालून त्याला चहा देत होती.

मी उंबऱ्यावर बसून पान लावत होते. भाग परत बसवायला घेतले तर एक कमी.

"आये, पितळंचा बारका जेट दिसला का? त्याच्याबिगर गाडी चालू व्हायची न्हाई."

"मला बाईमाणसाला काय कळतंय त्यातलं? शोध की, डोळं हायेत ना."

दुपार कलली तरी नवरदेव पोतं झटकतच होता. खुटबावची माणसं वाट बघून उठून गेली, म्हणून सांगावा आला. मी चंचीतल्या सुपारीखाली जेट नीट दाबला आन् दोरी आवळली.



भिवाच्या बापानं माझ्यावर सवत आणली, तवा तो बैलगाडीनं गेला होता. बैलाचं काय काढून ठेवावं, ते मला सुचलं न्हाई.