शालीखालचा हात

राहनाळच्या गोदामात मी कामाला होते तेव्हा मालक काळूरामशेठ हजेरी घ्यायच्या निमित्ताने रोज पाठीवरून हात फिरवायचा. शिसारी यायची. शेवटी बाबांना सांगितलं.

“मोठा मानूस हाय तो,” बाबा म्हणाले. “त्याच्याशी वाकडं घेऊन जमनार न्हाय आपल्याला. काम सोड, आनि स्वतःला सांभाळायला शीक.”

म्हणून आर्निसचा क्लास लावला. फिलिपिन्सची विद्या, दोन हातांत दोन वेताच्या काठ्या. तळव्यांना घट्टे पडेपर्यंत शिकले आणि दीड वर्षात जिल्ह्यात पहिली आले.

गावाने सत्कार ठेवला. बॅनरवर माझा फोटो, खाली ‘रणरागिणी मनाली’. स्टेजवर चढताना बाबांनी काठ्या काढून घेतल्या. “सत्काराला काठ्या घेऊन जातात काय?”

प्रमुख पाहुणा काळूरामशेठ! त्याने माझ्या एका हातात नारळ दिला, दुसऱ्यात ट्रॉफी. मग शाल पांघरवली आणि फोटोसाठी हसत हसत शालीखालून पाठीवर तोच हात फिरवला. मी समोर बसलेल्या बाबांकडे पाहिलं.



माझ्या दोन्ही काठ्या काखेत दाबून ते टाळ्या वाजवत होते.