गाणं पायासाठी थांबतं

हर्षदा गुडघाभर चिखलात भात लावत होती आणि बांधावर तिची लेक मैना पाटीच्या काळ्या पडद्याकडे टक लावून बसली होती. शोधजालाला पुस्तकांतली सगळीच उत्तरं पाठ झाल्यापासून शाळेची रीत बदलली होती. जालाला न सुटलेला प्रश्न जो सोडवेल, त्यालाच वरचा वर्ग. मैनाचे आधीचे सगळे प्रश्न 'हे माहीत आहे' म्हणून परत आले होते. हा शेवटचा.

"आमच्या गावची भातलावणीची गाणी घाटाखालच्या गाण्यांपेक्षा संथ का?"

त्यासाठी तिने दोन्हीकडच्या चिखलाची खोली मोजली, मातीचा चिकटपणा तपासला, बायकांच्या पावलांचा ताल धरला, आईची ओवी न् ओवी उतरवून घेतली होती. मग त्या ओव्यांसकट उत्तर पाठवलं होतं: खोल चिखलातून पाय उशिरा निघतो, आणि गाणं पायासाठी थांबतं.

पाटी उजळली. "हे मला माहीत नव्हतं," जाल म्हणालं. "आता जगाला सांगतो."

"आई, मी पास झाले."

"कशात गं? भूगोलात, का गणितात?" हर्षदाच्या लहानपणी विषय वेगवेगळे असत, आणि तिला एकही धड जमला नव्हता.

"तुझ्या गाण्यात."

ओल्या हाताने हर्षदाने उगाच पदर सारखा केला. तेवढ्यात पाटीतून कुठल्याशा दूरदेशीची पोरं तिचीच ओवी म्हणू लागली, बोबडी आणि भरभर.

तिने कंबर सरळ केली.

"त्यांना सांग, सावकाश म्हणा. आमचा चिखल खोल आहे."