अकराशे शब्द

"आरोपीला समजलं का, विचारा," मॅजिस्ट्रेट म्हणाले.

आबाजींनी कागदावरून नजर वर केली. पिंजऱ्यात कन्हेरीचा सोनबा मेंढपाळ हात जोडून उभा होता. आबाजींनी नुकताच त्याला त्याच्यावरचा आरोप वाचून दाखवला होता. 'मुषित संपत्ती असल्याचे ज्ञात असताना तिचे अप्रामाणिक संग्रहण.' वाचताना त्यांचा आवाज कीर्तनकारासारखा लागला होता.

आबाजी कोर्टातले भाषांतराचे कारकून. त्यांचंही गाव कन्हेरीच. इंग्रजी फौजदारी कायद्यातला एकेक शब्द शुद्ध मराठीत आणायचं वेड चार वर्षांपासून त्यांच्या डोक्यात होतं. अकराशे शब्द जमले होते. फिर्याद, जामीन, कैद हे शब्द त्यांना परक्यांचे वाटत, म्हणून ते सगळे त्यांनी हाकलून दिले. घरात बायको चुकून जामीन म्हणाली, तरी "प्रतिभूती म्हण" असं तिला सांगत. ती बिचारी "बरं" म्हणून भाकरी थापत राही.

त्या सकाळी मॅजिस्ट्रेटांनी भर कोर्टात जाहीर केलं होतं, "आबाजी, आजचा पहिला खटला तुमच्या शब्दांत चालवू. आरोपीला कळलं, तर तुमची यादी माझ्या शिफारशीनं मुंबईला सरकारकडे जाईल. नाही कळलं, तर तुमची चार वर्षं पाण्यात." पहिला खटला नेमका सोनबाचा निघाला.

खटला तसा साधा. सोनबानं इंदापूरच्या बाजारात दोन मेंढ्या विकत घेतल्या आणि त्या चोरीच्या निघाल्या. चोरीच्या आहेत हे घेताना त्याला ठाऊक होतं का, एवढाच काय तो प्रश्न. ठाऊक नव्हतं. सौदा झाला तेव्हा कळंबचा रावजी शेजारी उभा होता आणि हेच सांगायला तो सकाळपासून व्हरांड्यात येऊन बसला होता. आत येताना आबाजींना त्यानं ते सांगितलंही होतं.

"समजलं का, तात्या?" आबाजींनी विचारलं.

सोनबानं त्यांच्याकडे पाहिलं. त्याला काडीचंही कळलेलं नव्हतं. आबाजींना ते स्वच्छ दिसलं. मेंढ्या चोरीच्या हाईत हे ठाव हुतं का तुमाला, एवढं गावच्या बोलीत विचारलं असतं तरी काम भागलं असतं. पण तसं विचारायचं म्हणजे अकराशे शब्द तिथल्या तिथं मोडीत काढायचे. ते गप्प राहिले.

"व्हय जी," सोनबा म्हणाला. "समदं समजलं."

मॅजिस्ट्रेट खूश झाले. पुढचा प्रश्नही त्यांनी यादीत बघूनच विचारला. "अपराधस्वीकार करतोस?"

सोनबानं पुन्हा आबाजींकडे पाहिलं. आबाजींनी कागद चाळायला घेतले.

"व्हय जी."

गुन्हा कबूल म्हटल्यावर साक्षीदार कशाला लागतो? रावजीला कुणी आत बोलावलंच नाही. सहा महिने सक्तमजुरी. शिपायानं दंडाला धरलं तेव्हा सोनबा गोंधळला. "माझं सांगायचं ऱ्हायलंय की," असं म्हणाला, पण तोवर पुढच्या खटल्याचा पुकारा झाला होता. कोर्ट उठल्यावर मॅजिस्ट्रेटांनी आबाजींचा हात हातात घेतला. "अडाणी मेंढपाळाला कळलं, म्हणजे आता कुणालाही कळेल," ते म्हणाले.

उद्या साहेबांना खरं सांगू, परवा सांगू, असं आबाजी मनाशी म्हणत राहिले. यादी मुंबईला गेली. पसंत पडल्याचं पत्र आलं. कचेरीत पेढे वाटले गेले. आपण नीच वागलो हे त्यांना कळत होतं. तरी तोंड उघडत नव्हतं.

सोनबा सुटून आल्याचं समजलं, त्याच दिवशी ते कन्हेरीला गेले. सोनबा दारात बाजेवर बसला होता. मेंढ्यांची जागा रिकामी होती. चारायला माणूस नाही म्हणून त्याच्या बायकोनं, तानूबाईनं, सगळा कळप विकून टाकला होता. ती आता कालव्याखालच्या मळ्यांत रोजानं खुरपायला जात होती. आबाजींना बसवेना. ते उभ्यानंच बोलले.

"तात्या, त्या दिवशी तुम्हाला काही कळलं नव्हतं. मला ते दिसत होतं, तरी मी बोललो नाही. माझ्यामुळं तुम्ही आत गेलात."

"कळलं न्हवतंच," सोनबा म्हणाला. "येक अक्षार न्हाय."

"मग समजलं असं का म्हणालात?"

"आता काय सांगू! सायेब समद्यांम्होरं बोलले न्हवं, मला कळलं न्हाय तर तुमची चार वर्सं पान्यात. आपल्या गावचा मानूस येवढा शिकला, त्याच्या कामावर मी कसं पानी वतू? म्हनलं, व्हय म्हनावं. मेंढ्यांचं मागनं इचारतील, तवा सांगता यील."

सोनबानं शिव्या घातल्या असत्या तर आबाजींना बरं वाटलं असतं. त्यानं तर सरकून बाजेवर जागा केली.

"बसा की आबाजीराव. आन त्ये सांगा आदी, मुंबैला पास झालं न्हवं आपलं काम?"