निळी की पांढरी

"या निळीत वाईट काय आहे, ते एकदा सांगून टाक," नवरा म्हणाला आणि शिडीच्या खालच्या पायरीवर बसला.

बायकोने सकाळपासून निळीला इतकी नावं ठेवली होती, की दलालाचाही चेहरा पडला होता. विकायला काढलेल्या दोन्ही बोटी, निळी आणि पांढरी, पाण्याबाहेर, शेजारी शेजारी, लाकडी टेकूंवर उभ्या होत्या. दोन्ही शिडाच्या, दोन्ही जुन्या, दोन माणसांना महिनोन्‌महिने पाण्यावर राहता येईल एवढ्या. निळी अंगाने भरलेली आणि जड. पांढरी सडपातळ, आतून जरा अडचणीचीच. कुणीही डोळे झाकून सांगितलं असतं, निळी घ्या.

"वास येतो," बायको म्हणाली.

"कसला?"

"डिझेलचा. आणि आत अंधार आहे."

"अगं, पांढरीत तुला ताठ उभंही राहता येत नाही. ओट्याशी वाकून वाकून कंबर जाईल तुझी."

"माझ्या कंबरेचं मी बघते."

दलालाने मध्ये तोंड घातलं. "वहिनी, नेहमी उलट होतं हो. साहेबांना वेगवान बोट हवी असते, आणि वहिनी स्वयंपाकघर बघून निळीवर अडून बसतात."

"त्या वहिनींना स्वयंपाकाची आवड असेल. मला नाही."

"हे मला आज कळतंय, चाळीस वर्षांनी," नवरा म्हणाला. दलाल हसला. तीही हसली.

खरं कारण तिला सांगता येत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी तिला समोर बसवून सगळं सांगितलं होतं. हिवाळा निघेल, पुढचं काही खात्रीने सांगता येत नाही. त्या दिवशी ती एकटीच गेली होती. घरी येऊन म्हणाली, काही नाही, पित्त आहे. नवऱ्याने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्यासाठी थंड दूध काढून ठेवायला लागला. अजूनही ठेवत होता. कशावरही विश्वास ठेवायचा बिचारा.

मरणाची भीती तिला वाटत नव्हती असं नाही. वाटायची. पण त्याहून मोठा घोर एकच होता, याचं पुढे कसं व्हायचं. घरात बसला तर हा माणूस वर्षभरात वाळून जाईल. पडदे उघडणार नाही, दाढी करणार नाही, कुणी आलं तर दार उघडणार नाही. पाण्यावर असला की मात्र त्याला दुप्पट भूक लागायची. शीळ घालायचा, शेजारच्या बोटीवरच्या परक्या माणसांना हाका मारून गप्पांना बसवायचा. आजवर दोघांनी लोकांच्या बोटी भाड्याने घेऊन सुट्ट्या काढल्या होत्या. तो सुकाणूवर, ती दोरांवर. निवृत्त झालो की स्वतःची घ्यायची, हे कधीचंच ठरलेलं होतं. ते तिने आता घाईवर आणलं होतं. शिडी चढायचं बळ पायांत आहे तोवर त्याची बोट ठरवून टाकायची, आणि ती त्याला एकट्याला चालवता येईल अशीच असायला हवी.

पांढरी तशी होती. तिचे सगळे दोर मागे, सुकाणूच्या बैठकीपाशी आणलेले होते. बसल्या जागेवरून शीड उघडा, बसल्या जागेवरून मिटा. निळीचं तसं नव्हतं. शीड चढवायला एकाने पुढे डोलकाठीपाशी जायचं आणि तोवर दुसऱ्याने सुकाणू धरून बसायचं. नांगर ओढायलाही दोघं लागायची. एकट्या माणसाने निळी बाहेर काढणं म्हणजे जिवाशी खेळ होता.

दलालाला फोन आला आणि तो बोलत बोलत फाटकाकडे गेला. तिने तेवढ्यात शेवटचा नेट लावला.

"हे बघा, निळीला दोन माणसं लागतात. आपली वयं झाली आता. उद्या माझे गुडघे धरले तर?"

"धरू देत."

"धरू देत काय? पुढे जाऊन शीड कोण चढवणार?"

"तू."

"आणि मी नसले तर?"

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. "म्हणजे बहिणीकडे वगैरे गेले तर," ती घाईने म्हणाली.

तो तिच्याकडे बघत नव्हता. शिडीवरचा सुटलेला रंग नखाने काढत बसला होता.

"दवाखान्यातून फोन आला होता," तो म्हणाला. "गेल्या आठवड्यात, तू आंघोळीला गेली होतीस तेव्हा. मी घेतला. त्यांना वाटलं, मला माहीतच असेल."

ती त्याच्या शेजारी बसायला गेली, पण पायरी दोघांना पुरत नव्हती. तो जरा सरकला. मग दोघं तशीच, अंग चोरून बसली. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. त्याने तिचा हात हातात घेतला.

"मग तरी तुम्ही निळी निळी काय करताय," ती डोळे पुसत म्हणाली. "ऐका ना माझं. पांढरी घ्या. ती तुम्हाला एकट्याला जमेल."

"जमेल गं," तो म्हणाला. "पण एकट्याला जमणारी बोट घेऊन मी जाऊ कुठे?"