बोक्याच्या पोटाची वही

डॉक्टरने कुत्र्याचं पोट पुन्हा एकदा दाबून पाहिलं. मऊ. कुठे गच्चपणा नाही, दुखतंय म्हणून अंग चोरणं नाही. उलट तो तिचं मनगट चाटत होता आणि नजर कपाटावरच्या बिस्किटांच्या बरणीवर लावून बसला होता. मग तिने मालकांनी घरून आणलेली वही उघडली. वहीप्रमाणे त्याला काल एका दिवसात तीन उलट्या झाल्या होत्या.

"वजन दोन किलोंनी वाढलंय," ती म्हणाली. "रोज उलट्या होतात, तर वजन वाढतं कसं?"

टेबलाच्या एका बाजूला घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी उभे होते, दुसऱ्या बाजूला त्यांची बायको, निवृत्त शिक्षिका, म्हणून सगळ्यांच्या बाई. मध्ये बोक्या. लहानपणी दुधाच्या पातेल्यात तोंड घालताना पकडला गेला, तेव्हापासून कुत्रा असूनही बोक्याच.

ही डॉक्टर जरा निराळी होती. औषध सगळ्यात शेवटी. आधी जनावर खातं काय, झोपतं कुठे, फिरतं किती, घरात आवाज कुणाचा चढतो, हे सगळं खोदून खोदून विचारायची. लोक म्हणायचे, न्यावं कुत्र्याला तर ही डॉक्टर आपल्यालाच तपासते. चौकस स्वभाव, दुसरं काय! अडीच महिन्यांपूर्वी तिने या दोघांनाही असंच विचारलं होतं, "याला खायला कोण घालतं?"

"मी," दोघं एकदम म्हणाले होते.

तिथेच रोग सापडला. नवराबायकोचा वर्षभर अबोला होता. कशावरून, ते विचारण्यात अर्थ नव्हता. वर्ष उलटल्यावर कारण उरत नाही, नुसता ताठा उरतो. बोलायचं ते बोक्यामार्फत. "बोक्या, सांग यांना, दूध संपलंय." "बोक्या, सांग हिला, आणतो." पण बोक्याचं खाणं झालं का, हे काही बोक्याला विचारून कळणार नव्हतं. त्यामुळे त्याला दोन नाश्ते, दोन जेवणं, आणि पोट बिघडल्यावर औषधही दोनदा. बोक्याने कधी कुणाला नाही म्हटलं नाही.

डॉक्टरने उपाय लिहून दिला. मऊ भात, उकडलेला भोपळा, दोन वेळा फेरफटका, झोपण्याआधी पोटावरून हलका हात. आणि फ्रिजवर एक वही. सकाळची पाळी घड्याळजींची, संध्याकाळची बाईंची. काय घातलं, पोट कसं आहे, ते ज्याने त्याने लिहायचं. दुसऱ्याने वाचल्याशिवाय ताटलीला हात लावायचा नाही. पोट आठवडाभर नीट राहिलं की वही बंद.

पोट काही नीट राहिलं नाही. रक्त तपासलं, शी तपासली, सोनोग्राफी झाली. सगळं स्वच्छ. वही मात्र दोन्ही अक्षरांत उलट्याच मोजत होती. डॉक्टरने पानं मागे चाळली आणि एका जागी थांबली.

'संध्याकाळी एक उलटी. पहाटे खोकलाही ऐकू आला. मफलर न घेता फिरायला जाऊ नये.'

'सकाळी ७.१२. उलटी, पिवळी. मफलर सापडत नाही.'

'संध्याकाळी पुन्हा उलटी. मफलर वरच्या कप्प्यात आहे.'

"बोक्याला मफलर आहे?" डॉक्टरने विचारलं.

बाई छताकडे बघू लागल्या. घड्याळजींनी मनगटावरच्या घड्याळाला उगाच किल्ली दिली.

डॉक्टरला काही उलगडेना. तिने खणातून एक कागद काढून टेबलावर ठेवला. "आता एकच तपासणी राहिली. मोठ्या दवाखान्यात भूल देऊन पोटात नळी घालायची आणि आतून बघायचं. याचं वय तेरा, हृदय अशक्त. भुलीतून उठेलच, असं मी सांगत नाही. पण रोज इतक्या उलट्या होत असतील तर न बघता सोडूनही देता येत नाही. इथे सही करा."

घड्याळजींनी पेन घेतलं. चाळीस वर्षं घड्याळांत केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणारा तो हात आता पेनाचं टोपण काढून पुन्हा लावत राहिला. बोक्याने कागदाचा वास घेतला, खाण्यातली वस्तू नाही असं ठरवलं आणि त्यांच्या बाहीत नाक खुपसलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"डॉक्टर, सकाळच्या उलट्या खोट्या आहेत. मीच लिहिल्यात. माझ्या पाळीत तो पहिल्या आठवड्यापासून ठणठणीत आहे."

"मग लिहिल्यात कशाला?"

"बरा झाला असं लिहिलं असतं तर वही बंद झाली असती." त्यांनी बोक्याच्या पाठीवरून हात फिरवला. "वहीत निदान मफलर कुठे आहे ते तरी कळतं."

"आणि संध्याकाळच्या उलट्या?"

"त्या खऱ्याच असणार," घड्याळजी ठामपणे म्हणाले. "हिने उभ्या आयुष्यात खोटं लिहिलेलं नाही."

डॉक्टर बाईंकडे वळली. बाईंचा चेहरा लालबुंद झाला होता. त्या बोलायला लागणार हे पाहून बोक्याने सवयीने कान टवकारले. पण त्या त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघत होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्हीपण?"