उलट उत्तर

लिफ्टच्या मशीन रूममध्ये पालथ्या बादलीवर बसून मेकॅनिकने मोबाइल भिंतीला टेकवला. पडद्यावर काउन्सेलर बाई दिसल्या. ऑनलाइनची ही सातवी भेट. घरी बोलायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची, म्हणून दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत तो गच्चीवरच्या या खोलीत येऊन बसायचा. खाली कुणी बटण दाबलं की मोटर घरघरायची आणि दोघंही ती थांबायची वाट बघायची.

"रागाच्या वहीत काय लिहिलंत?" बाईंनी विचारलं.

त्याने ग्रीसचे डाग पडलेली वही उघडली. "सोमवारी खारूनं माझ्या कामाच्या कागदांवर दूध सांडलं." खारू म्हणजे त्याची नऊ वर्षांची लेक. "मनात आलं, मुद्दाम करते. हिला धाकच उरला नाही."

"मुद्दाम केलं, याला पुरावा?"

"काही नाही. झाकण उघडताना निसटलं."

"मग तुम्ही काय केलंत?"

मोटर सुरू झाली. ती थांबेपर्यंत तो वहीत बघत राहिला. "जिन्यात जाऊन दहा श्वास मोजले. परत येऊन फडक्यानं पुसलं. ओरडलो नाही."

"आणि ती?"

"कान झाकून उभी होती, मॅडम." तो म्हणाला. "मी चकार शब्द काढला नव्हता, तरी. आता उशीर झाला. ती जन्मभर मला अशीच घाबरणार."

"हे घडलंय, की तुम्हाला वाटतंय?"

"वाटतंय."

"मग तसंच लिहा. तुम्ही बदललात हे तुम्हाला ठाऊक आहे, तिला अजून कुठे? तिला खात्री करून घेऊ द्या."

त्याने लिहून घेतलं. पटलं मात्र नाही. तीन महिन्यांपूर्वी बायको भांडली नव्हती, नुसती म्हणाली होती, "ती तुम्हाला घाबरते. आणि मीही." ते वाक्य तो अजून विसरला नव्हता.

संध्याकाळी घरी येऊन त्याने एक बूट काढला, तोच खारू समोर आली. हातात त्याचा मापाचा टेप. पट्टी पूर्ण बाहेर आलेली, लोळत पार स्वयंपाकघरापर्यंत गेलेली.

"बाबा, हा माझ्याकडून मोडला. आत जातच नाहीये."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

त्याच्या कपाळाची शीर तटतटली. नवा टेप. हात लावू नको म्हणून बजावलं होतं. एक श्वास. दोन. पाचव्या श्वासाला त्याच्या ध्यानात आलं, की हिने टेप लपवला नव्हता. आपणहून घेऊन आली होती.

"एवढा कशाला ओढलास?"

"गॅलरी मोजत होते." तिने हनुवटी वर केली. "आणि हे बघा, इथे पाच मीटर लिहिलंय. मी पाचच ओढले, सहा नाही ओढले. मग चूक टेपची आहे. आणि असला टेप तुम्ही आणलात, म्हणजे थोडी तुमचीपण."

या घरात त्याला असं कुणी कधी ऐकवलं नव्हतं. बायको ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली होती.

तो मटकन खाली बसला, एका पायात बूट तसाच. "थोडी म्हणजे किती?"

खारूने नीट विचार केला. "अर्धी."

आधी बायकोला हसू फुटलं. मग त्याला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले, ते त्याने बाहीने पुसले.

खारूला मात्र हसायला वेळ नव्हता. तिने पट्टीचं टोक त्याच्या हातात कोंबलं आणि टेपची डबी घेऊन ती दुसऱ्या टोकाला गेली.

"घट्ट धरा. मी सांगेपर्यंत हलायचं नाही हं."

तो हलला नाही.