कडेचा टाका

आमच्या आत्याने आजवर कुणाच्याही हातच्या कामाला चांगलं म्हटलेलं नाही. तिच्या तोंडून 'छान' वदवून दाखवीनच, अशी मी घरात डरकाळी फोडली आणि ट्युनिशियन क्रोशाची हातभर लांब सुई घेऊन तिच्यासाठी चौकोनी शाल विणायला बसले. मधाच्या पोळ्यासारखी उठावदार वीण! यात जाताना ओळीतले सगळे टाके सुईवर गोळा करायचे आणि येताना एकेक सोडायचा. कडेचा शेवटचा टाका मात्र असा दडी मारून बसतो, की मी तो दर ओळीत विसरले. शाल अरुंद होत होत शेवटी नुसतं टोक उरलं.

"चौकोनी म्हणाली होतीस ना गं?" आत्याने भुवई उचलली.

"आत्या, कुठल्या जमान्यात आहेस? हल्ली त्रिकोणीच घेतात!"

आत्या आरशासमोर तीनदा गोल फिरली आणि चक्क "छान" म्हणाली. आई बघतच राहिली. वर ऑर्डर आली, "माझ्या नणंदेलाही एक कर."

आता मात्र मला लाज वाटली. नणंदबाईंसाठी खरीखुरी, बिनचूक शाल करायची असं ठरवलं. दर ओळ मोजली, कडेचा चोर दरवेळी पकडला आणि महिन्याभरात चारही कडा सरळसोट असलेली शाल ऐटीत आत्यासमोर पसरली.

आत्याने ती चहूबाजूंनी तपासली आणि सुस्कारा सोडला.

"एक कोपरा जास्त झालाय गं. उसव."